एकच रान, दोन घरं

हातकणंगले, शिरोळ या बाजूला एसटीनं जाताना एखाद्या गावाच्या जरा अलीकडं एक वेगळीच वस्ती लागते. रस्ते सरळ, एकमेकांना काटकोनात छेदणारे. प्लॉट एका मापाचे. जुन्या गावात असतात तसे वाडे, बोळ, पार तिथं नाहीत. कुणाला विचारलं तर ‘ती होय, वसाहत. धरणग्रस्तांची,’ एवढंच उत्तर मिळतं. अशा वसाहतींपैकी कुणाला तीस वर्षं झाली, कुणाला चाळीस. तिथं जन्मलेल्या मुली याच गावच्या शाळेत शिकल्या, लग्न होऊन सासरी गेल्या. त्यांच्या पोरी आता कॉलेजला जायच्या वयाच्या झाल्या असतील. पण नाव काही बदललं नाही. वसाहत ती वसाहतच!

मैत्रिणींनो, परक्या गावात जाऊन रुजणं आपल्याला काही नवं नाही. तरवा उपटावा आणि दुसऱ्या वाफ्यात रोप लावावं, तशा आपण बायका लावल्या जातो. चार पावसाळे गेले की सून ‘नवी’ राहत नाही. पण ती एकटीच गेलेली असते, आणि मागं तिचं माहेर जागेवर असतं. अख्खं गावच उपटून दुसऱ्या गावाच्या शिवारात लावलं तर? माहेर आणि सासर दोन्ही एकाच दिवशी पाण्याखाली गेलं तर?

वारणा नदीवर चांदोलीला धरण झालं. सांगली जिल्ह्यातल्या शिराळा तालुक्यात हे ठिकाण येतं, आणि पलीकडं आपला शाहूवाडी. साडेचौतीस टीएमसीच्या आसपास पाणी साठवणारं हे धरण. त्या पाण्यानं खालची वारणाकाठची गावं भिजली, कारखाने चालले, दूधसंघ वाढले. वरची गावं मात्र जलाशयात गेली. जी पाण्यातून वाचली त्यातली बरीच अभयारण्यात अडकली. १९८५ साली चांदोलीचं अभयारण्य झालं, २००४ साली राष्ट्रीय उद्यान आणि २०१० साली कोयनेसह सह्याद्री व्याघ्र प्रकल्प. म्हणजे कुणाला पाण्यानं उठवलं, कुणाला वाघानं. इकडं दूधगंगेवर काळम्मावाडीचं धरण झालं, साडेपंचवीस टीएमसीचं. तिथलीही गावं हलली.

धरणाला आपत्ती म्हणायचं का, असा प्रश्न कुणी करील. महापूर येतो, चार-आठ दिवसांनी ओसरतो, मग घरात गुडघाभर गाळ असला तरी घर जागेवर असतं. धरणाचं पाणी ओसरत नाही. माझ्या मते तरी एवढा फरक पुरेसा आहे.

कोल्हापूरला परकी माणसं सामावून घ्यायची सवय नाही असं म्हणता येणार नाही. दुसऱ्या महायुद्धात, १९४३ ते १९४८ या काळात वळिवड्याला पोलंडच्या सुमारे पाच हजार निर्वासितांची छावणी होती. त्यात बहुतेक बायका आणि पोरंच. सैबेरियाच्या थंडीतून जीव वाचवून आलेली ही माणसं पंचगंगेच्या खोऱ्यात येऊन राहिली. ती गेल्यावर त्याच जागी फाळणीत घरदार सोडून आलेले सिंधी बांधव आले. त्यांचं गांधीनगर झालं आणि आज लग्नाचा बस्ता बांधायला आपण तिथंच जातो. या दोन्ही वेळी नव्या-जुन्यांचं भांडण पेटल्याचं ऐकिवात नाही. याचं एक कारण मला साधं वाटतं. पोलिश माणसं थोड्या मुदतीची पाहुणी होती आणि सिंध्यांनी दुकानं मागितली. रान कुणीच मागितलं नाही.

धरणग्रस्त मात्र शेतकरी होते. त्यांना रानच हवं होतं. आणि रान रिकामं कुठं पडलेलं असतं?

महाराष्ट्रानं १९७६ साली प्रकल्पग्रस्तांच्या पुनर्वसनाचा कायदा केला. असा कायदा करणारं हे देशातलं पहिलं राज्य. पुढं १९८६ साली आणि नंतर १९९९ साली तो नव्यानं केला गेला. कायद्याचं सूत्र वाचलं तर पटतं. धरणात ज्याची जमीन बुडाली त्याला, धरणाच्या पाण्यानं ज्याची जमीन भिजणार आहे त्याच्याकडची जमीन द्यायची. लाभक्षेत्रात ज्याच्या खात्यावर ठरावीक मर्यादेपेक्षा जास्त क्षेत्र आहे, त्याच्यातला हिस्सा सरकार मोबदला देऊन काढून घेणार. यालाच आपल्याकडं ‘स्लॅब’ म्हणतात. ‘आमची दोन एकर स्लॅबला गेली’ हे वाक्य आपल्या भागात बायकांच्याही तोंडी असतं. धरणग्रस्तालाही ही जमीन फुकट नाही बरं का! बुडालेल्या जमिनीच्या मोबदल्यातले ६५ टक्के सरकारजमा केले तर पुढं जमिनीचा हक्क. आता ज्याचं घर पाण्यात गेलं, गाडीभाडं करून बिऱ्हाड हलवलं, पोरीचं लग्न त्याच वर्षी उरकलं, त्याच्या हातात ते ६५ टक्के राहतील का? ज्यांचे राहिले नाहीत त्यांची जमीनही राहिली.

इथं दोन बायका डोळ्यांसमोर आणा. खऱ्या नावाच्या नाहीत, पण अशा अनेक आहेत.

एकीचं गाव वारणाकाठचं. सासऱ्यांच्या नावावर एकत्र खातं. त्यावर जेवणारे चार भाऊ, त्यांची पोरं. कागदावर खातेदार एकच, म्हणून तो मोठा शेतकरी ठरला आणि विहिरीजवळचा तुकडा स्लॅबला गेला. वाटण्या झाल्या असत्या तर एकालाही हात लागला नसता. सातबाऱ्यावर ‘पुनर्वसनासाठी राखीव’ असा शेरा पडला की ना विकता येतं, ना धड वाटणी करता येते. कित्येक ठिकाणी हे शेरे वर्षानुवर्षं तसेच राहिले. जमीन कुणाला दिली नाही, परतही केली नाही. त्या बाईचा राग कुणावर? सरकार तर दिसत नाही. दिसतात ती रोज बांधावरून जाणारी नवी माणसं.

दुसरी डोंगरातून आलेली. तिच्या रानात नाचणी, वरी, पावसाळी भात. उन्हाळ्यात करवंदं, जांभळं, हिरडा, शिकेकाई. सरपण दारामागं, चारा डोंगरावर. तिला मिळालेला एकर काळा, चिकट, पाण्याशिवाय न बोलणारा. बैलं त्या मातीत रुततात, तिची पेरायची पद्धत इथं चालत नाही, आणि शेजारचा तर ऊस लावतो. आता उसाचं शेत म्हणजे नुसतं शेत नसतं. मोटर हवी, वीजजोडणी हवी, पाइपलाइन हवी, सोसायटीचं कर्ज हवं, कारखान्याचा शेअर हवा, नोंद वेळेवर हवी, तोडणी टोळी आपल्या फडात यायला ओळख हवी. जुन्या घरांनी हे सगळं तीन पिढ्यांत जमवलं. नव्यानं आलेल्याला तलाठी एका दिवसात सातबारा देऊ शकतो, हे बाकीचं कोण देणार?

मग मतभेद सुरू होतात, आणि ते पिकाचेच असतात. वरच्या वावरात ऊस आहे, त्याला सारखं पाणी. खालच्या वावरात नव्या घरानं शाळू केला, तर त्याच्यात निचरा येऊन पीक पिवळं पडतं. नव्या घराच्या शेळ्या-म्हशी आहेत, डोंगरात त्या मोकळ्या चरत होत्या. इथं गायरान आक्रसलेलं, मग गुरं उसाच्या बांधाला तोंड लावतात. पाण्याची पाळी रात्री दोनला येते आणि ‘तुमची पाळी कुठल्या हक्कानं?’ असा सवाल उठतो. बांध कोरला, दगड हलवला, रस्ता अडवला, मोजणी आणली. शेतकऱ्याच्या घरात ज्यांचा जन्म गेला त्यांना ही यादी सांगायला नको.

काही ठिकाणी याहून विचित्र प्रकार झाला. दिलेली जमीन वसाहतीपासून चार-पाच मैलांवर. रोज जाणं-येणं होईना, भांडवल नाही, मूळ मालकाशी वैर घेऊन तिथं उभं राहायची छाती नाही. मग ज्याच्याकडून जमीन काढली त्यालाच ती वाट्यानं करायला दिली! कागद एकाचा, नांगर दुसऱ्याचा. वर्षाला मिळेल तेवढं घ्यायचं. आणि ज्याच्या नावावर जमीन, त्याच घरची बाई शेजारच्या रानात भांगलणीला रोजानं जाते. मला विचाराल तर पुनर्वसनाचा सगळा हिशेब या एका चित्रात चुकलेला दिसतो. सरकारनं एकर मोजले. जमीन करायला लागणारी ऐपत, ओळख, माहिती आणि शेजार यांचं माप कुठल्याच फॉर्मात नव्हतं.

शिरोळकडं आणखी एक गोष्ट आहे. तिथं हजारो एकर जमीन क्षारपड झाली. उसाला वाजवीपेक्षा जास्त पाणी, निचरा नाही, वर पांढरा थर. शिरोळच्या श्री दत्त साखर कारखान्यानं गणपतराव पाटील यांच्या पुढाकारानं जमिनीत सच्छिद्र पाइप टाकून अशी जमीन सुधारायचं काम हाती घेतलं आणि ते नावाजलं गेलं. पण त्याला शेजारी-शेजारी अनेक शेतकऱ्यांनी एकत्र यावं लागतं, कारण पाणी एकाच्या रानातून दुसऱ्याच्या रानात, मग ओढ्यात काढायचं असतं. जिथं बांधावर बोलणं बंद आहे तिथं पाइप कसा जाणार? आणि ‘आम्हाला द्यायला नेमकी वाईटच जमीन सापडते’ ही धरणग्रस्तांची जुनी तक्रार आहे. स्वतःहून जमीन द्यायची वेळ आली तर कुठलं घर चांगला तुकडा पुढं करील, हे आपण मनाशी ठरवावं.

या भांडणात मी कुणाची बाजू घेणार, असं वाटत असेल. माझी सहानुभूती उठून आलेल्यांकडं झुकते, ते लपवत नाही. ज्यांचं देवूळ, स्मशान आणि विहीर पाण्यात गेली त्यांचं पारडं जड आहे. पण काठावरची बाई लबाड आहे असं मी म्हणणार नाही. तिच्याही घरात जमिनीवरून रात्ररात्र रडणं झालेलं असतं. दोघींनीही हे धरण मागितलं नव्हतं, आणि दोघींचीही नावं त्या सातबाऱ्यावर क्वचितच.

हा मुद्दा जरा थांबून बघायला हवा. डोंगरातल्या शेतीत बाईचा हात सगळीकडं होता. बी तिच्या कणगीत, नाचणीचं रोप तिच्या हातचं, शिकेकाई-हिरड्याचे दोन पैसे तिच्या पदराला. घर हललं तेव्हा जमीन पुरुषाच्या नावे बुडाली आणि पुरुषाच्या नावे मिळाली. शिकेकाईचा पंचनामा झालाच नाही. सरपणाचा नाही, पैऱ्याचा नाही. पैरा म्हणजे आज मी तुझ्या रोपलावणीला, उद्या तू माझ्या. गाव फुटून तीन-चार वसाहतींत वाटलं गेलं तेव्हा पैराही फुटला. ऊस आला तो पुरुषांचं पीक म्हणून. बिल कारखान्यातून बँकेत, खातं घरधन्याचं. बाईच्या हाती राहिलं ते भांगलण आणि गुरांसाठी वाड्याचा भारा. आणि नाचणी? ती आता दुकानातून पिशवीत येते, डॉक्टरांनी साखरेच्या पेशंटला खा म्हणून सांगितली की.

बाईच्या हक्काचा विचार आपल्याकडं झालाच नाही असं मात्र नाही. शरद जोशींच्या शेतकरी संघटनेनं १९९० च्या आसपास ‘लक्ष्मीमुक्ती’ची मोहीम काढली आणि बायकोच्या नावे जमिनीचा हिस्सा करा म्हणून गावंच्या गावं उठवली. कासेगावच्या इंदुताई पाटणकरांनी परित्यक्ता बायकांच्या हक्कांसाठी रस्त्यावरची लढाई केली. त्यांचे चिरंजीव भारत पाटणकर यांचं श्रमिक मुक्ती दल आणि वाळव्याचे नागनाथअण्णा नायकवडी यांनी धरणग्रस्तांना संघटित केलं. आटपाडीला समन्यायी पाणीवाटपाची मागणी झाली ती तर भूमिहीनालाही पाणी द्या, अशी. धरणग्रस्तांना जे मिळालं ते बरंचसं मोर्चे आणि ठिय्यांनी मिळालं, आणि त्या ठिय्यांत भाकरी बांधून पोरं काखेला घेऊन बसलेल्या बायका निम्म्याहून कमी कधीच नसाव्यात. अभयारण्यग्रस्तांना तर कोल्हापुरात येऊन बसावं लागलं.

२०१३ साली केंद्राचा नवा भूसंपादन कायदा आला. त्यात विधवा, घटस्फोटित आणि टाकलेली बाई ही स्वतंत्र कुटुंब धरली आहे. सिंचन प्रकल्पात जमीन गेलेल्या कुटुंबाला शक्य तिथं लाभक्षेत्रात किमान एक एकर द्यावी, असंही त्यात आहे. ‘शक्य तिथं’ हे दोन शब्द फार मोठे आहेत, ते असो. पण ज्या बाया आधीच्या कायद्यात भावाच्या नाहीतर दिराच्या घरात मोजल्या गेल्या, त्यांना हा बदल फार उशिरा आला.

आपल्यापासून लांब, पण याच जातीची गोष्ट लातूर-उस्मानाबादची. ३० सप्टेंबर १९९३ ची पहाट, गणपती बोळवून लोक झोपले होते. किल्लारी आणि आसपासची गावं भूकंपात कोसळली. सरकारी आकड्याप्रमाणं ७,९२८ माणसं गेली. ५२ गावं पूर्ण नव्या जागी वसवली. जुनी गावं दाटीची होती, नवी ऐसपैस केली, म्हणून त्यांना जागा लागली ती चांगल्या काळ्या रानातली. कुणाचं तरी शेत गेलं आणि त्यावर दुसऱ्याचं अंगण झालं. बऱ्याच जणांना आपलं शेत आधी घरापासून हाकेच्या अंतरावर होतं, ते लांब पडलं. शेतात भाकरी घेऊन जाणारीला ते अंतर रोज मोजावं लागतं.

तिथली पुढची हकिकत मला फार आवडते. भूकंपानंतर घरदुरुस्तीच्या कामात गावोगाव बायकांना संवाद साहाय्यक म्हणून नेमलं होतं. त्या कामातून प्रेमा गोपालन यांच्या ‘स्वयं शिक्षण प्रयोग’ या संस्थेनं बायकांची मोठी फळी उभी केली. पुढं दुष्काळ पडला तेव्हा याच भागातल्या बायकांनी घरात एक मागणी केली. सगळं रान तुम्ही सोयाबीन नाहीतर उसाला घाला, त्यातला एक एकर आम्हाला द्या. त्यात त्या डाळी, भाजीपाला, धान्य, कमी पाण्यावरची पिकं घेऊ लागल्या. भांडण इथंही पिकावरूनच होतं, फक्त बांधावर न होता चुलीपाशी झालं. या कामाला २०१६ साली संयुक्त राष्ट्रसंघाचं इक्वेटर पारितोषिक मिळालं. आपल्याकडच्या वसाहतींत असा एक एकर काढणं सोपं नाही, कारण मुळात दोनच एकर असतात. पण अर्धा? दहा गुंठे? बचत गट आता प्रत्येक वसाहतीत आहेत. त्यातल्या कितींत गावातली बाई आणि वसाहतीतली बाई एका सतरंजीवर बसते, हे मात्र आपापल्या गावात बघावं. हळदीकुंकवाला बोलावणं जातं का, तेही बघावं. दूध डेअरीच्या रांगेत दोघी रोज सकाळी शेजारी उभ्या असतात, एवढी तरी सुरुवात झालेलीच आहे.

हा विषय जुना झाला असं कुणी म्हणू नये. १९८९ च्या पुरानंतर प्रयाग चिखली आणि आंबेवाडीच्या लोकांना सोनतळीला जागा दिली गेली. शाहू महाराजांच्या कॅम्पामुळं ठाऊक असलेली ती सोनतळी. पण शेती खाली नदीकाठीच राहिली, म्हणून संसारही बराचसा खालीच राहिला. मग २००५, २०१९, २०२१. दर महापुरात सामान डोक्यावर घेऊन वर धावायचं आणि पाणी उतरलं की परत खाली. जनावरं वर ठेवायची कुठं, पहाटेची धार कोण काढणार, याचं उत्तर न देता ‘लोक जात नाहीत’ म्हणून ठपका ठेवणं सोपं आहे. आता प्रत्येक पुरानंतर कायमच्या पुनर्वसनाची मागणी होते. ती योग्यच आहे. पण गाव उंचावर हलवायचं तर ते कुणाच्या तरी माळावर, गायरानावर नाहीतर शेतावर जाणार. तिथल्या घरांशी बोलणी कोण करणार आणि कधी, घरं बांधायच्या आधी की भांडण लागल्यावर?

ज्यांच्या घरात पुनर्वसनाची जमीन आहे त्यांच्यासाठी थोडं कामाचं. सातबारा काढाल तेव्हा नुसतं नाव बघून घडी घालू नका. भोगवटादार वर्ग एक आहे की दोन, ते बघा. पुनर्वसनाची जमीन बहुधा वर्ग दोन असते आणि परवानगीशिवाय विकता येत नाही. कुणी स्टॅम्पपेपरवर ‘खरेदी’ करून घेत असेल तर तो कागद पुढं दोघांनाही भोवतो. ‘इतर हक्क’ हा रकाना शेवटपर्यंत वाचा. पन्नास वर्षांपूर्वीचा कुठला शेरा अजून बसलेला आहे का, ते तिथंच कळतं. स्लॅबवाल्या घरांनीही तेच करावं. सासरे, दीर किंवा नवरा गेल्यावर वारसनोंद करताना लेकी-सुनांची नावं लागली का, हे त्याच दिवशी तलाठ्याकडं विचारा. आणि जमीन वाट्यानं दिली असेल तर तोंडी न ठेवता साध्या कागदावर का होईना, दोघांच्या सह्या असू द्या. त्यानं शेजार बिघडत नाही, उलट टिकतो.

चांदोलीचं जंगल आता जगाच्या नकाशावर आहे. २०१२ साली युनेस्कोनं पश्चिम घाटाला जागतिक वारसा म्हटलं, त्यात चांदोली आहे. जिथं पूर्वी अंगणं होती तिथं आता गवे चरतात. तिथल्या माहेरवाशिणींना, म्हणजे आता साठी-सत्तरीच्या आज्यांना, आपलं गाव होतं ती जागा बघायला जायचं असेल तर आधी वनखात्याची परवानगी काढावी लागते.